गुण कशाचे मोजायचे? शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यांविषयी वाचकांचे प्रश्न

शैक्षणिक कर्जाच्या परतफेडीविषयी या सदरासाठी आम्ही प्रश्न मागवले, तेव्हा खानदेशातून आलेली बरीचशी पत्रे एकाच मुद्द्याभोवती फिरत होती. मोबाइलवरील खेळांत जशी नाणी, पदके आणि टप्पे असतात, तशी रचना कर्जफेडीच्या ॲपमध्ये केली तर तरुणांना हप्ते भरण्याची गोडी लागेल का, असे अनेकांनी विचारले आहे. मी आयुष्याची बरीच वर्षे बँकेच्या कर्ज विभागात काढली असल्यामुळे हा विषय मला जवळचा आहे. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न (जळगाव) : मी संगणक अभियंता आहे. पुण्यातील नोकरी सोडून दोन मित्रांसह जळगावात परत आलो असून, शैक्षणिक कर्ज फेडणाऱ्यांसाठी आम्ही एक ॲप तयार करीत आहोत. हप्ता वेळेवर भरला की नाणी, सलग सहा हप्त्यांना रौप्यपदक, बारा हप्त्यांना सुवर्णपदक आणि साठलेल्या नाण्यांवर दुकानांची सवलतीची कुपने अशी आमची योजना आहे. चाचणीसाठी ज्या मित्रांना ॲप दिले त्यांनी पहिले दोन महिने ते उत्साहाने वापरले आणि नंतर उघडणेच सोडून दिले. आमचे काय चुकते आहे?

उत्तर : तुमच्या कामामागचा हेतू चांगला आहे, म्हणून जे वाटते ते स्पष्ट लिहितो. तुमच्या ॲपमधील नाणे कर्जदाराचे कर्ज एका पैशानेही कमी करीत नाही. हप्ता तो स्वतःच्या पगारातून भरतो, नाणे त्याला वरून मिळते आणि त्या नाण्याचे कुपन त्याला पुन्हा दुकानाच्या दारात नेऊन उभे करते. ज्याला पुढची दहा वर्षे हात आखडून राहायचे आहे, त्याला खर्चाचे निमंत्रणच बक्षीस म्हणून द्यावे, हे मला पटत नाही. माझे म्हणणे असे, की कर्जफेडीच्या खेळात गुण मोजायचे ते फिटलेल्या मुद्दलाचेच मोजावेत आणि दुसरे कोणतेही चलन ॲपमध्ये ठेवू नये.

वरून लावलेल्या बक्षिसाचे काय होते, याविषयी १९७३ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी ज्या लहान मुलांना मुळातच चित्रे काढायला आवडत होते, अशांपैकी काहींना चित्र काढल्यास प्रमाणपत्र मिळेल असे आधीच सांगितले आणि ते दिलेही. पुढे बक्षीस नसताना त्याच मुलांचे निरीक्षण केले, तेव्हा ती इतर मुलांपेक्षा कमी वेळ चित्रे काढताना आढळली. हप्ता भरण्याची आवड कोणालाच नसते हे खरे, पण कर्जातून मोकळे होण्याची ओढ प्रत्येक कर्जदाराच्या मनात असते. तुमची नाणी त्या ओढीच्या आड येतात आणि नाण्यांचे नावीन्य दोन महिन्यांत संपले, की पाहण्यासारखे काहीच उरत नाही.

खेळाच्या रचनेतली जी गोष्ट खरोखर उपयोगी पडते, ती म्हणजे ठिकाण जवळ येत असल्याची जाणीव. जोसेफ न्यून्स आणि झेवियर ड्रेझ यांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तुम्ही जरूर अभ्यासावा. मोटारी धुण्याच्या एका केंद्रावर त्यांनी ग्राहकांना दोन प्रकारची कार्डे दिली. एका कार्डावर आठ चौकोन होते आणि सगळे रिकामे होते; दुसऱ्यावर दहा चौकोन होते, पण त्यांतील दोनांवर आधीच शिक्के मारलेले होते. गाडी दोघांनाही आठच वेळा धुवून घ्यायची होती, तरी पहिल्या गटातील १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केले आणि दुसऱ्या गटातील ३४ टक्के लोकांनी. आपण निघालो आहोत, थोडी वाट सरली आहे, एवढे डोळ्यांना दिसले तरी माणूस नेटाने चालतो.

कर्जाच्या बाबतीत नेमकी हीच अडचण आहे, कारण सुरुवातीची वाट सरलेली दिसतच नाही. १० टक्के व्याजाने १० वर्षांसाठी ४,००,००० रुपयांचे कर्ज घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ५,२८६ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले ३,३३३ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल कमी होते ते अवघे १,९५३ रुपयांनी. सहा महिने इमानाने हप्ते भरलेला मुलगा खातेउतारा उघडतो आणि मुद्दल जवळजवळ तेवढेच पाहून हबकतो. माझ्या टेबलासमोर बसून, 'साहेब, माझे पैसे गेले कुठे?' असे विचारणारे कितीतरी चेहरे मला अजून आठवतात.

यावर एका घरी मी जो उपाय पाहिला तो कोणत्याही ॲपपेक्षा सरस होता. पाचोरा तालुक्यातल्या एका कापूस उत्पादक शेतकऱ्याने मुलीच्या शिक्षणासाठी असेच चार लाखांचे कर्ज घेतले होते. त्यांनी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून त्यावर ४० चौकोन आखले होते, प्रत्येक चौकोन १०,००० रुपये मुद्दलाचा. हिशेब असा, की पहिला चौकोन भरायला सहावा हप्ता उजाडतो आणि शेवटचे चौकोन मात्र दोन महिन्यांच्या आत एकेक भरत जातात. सुरुवातीचा हा रखडलेला काळ निभावून नेण्यासाठी त्यांनी प्रत्येक चौकोनाच्या पाच उभ्या पट्ट्या पाडल्या होत्या, म्हणजे जवळजवळ दर हप्त्याला एक पट्टी. निळे बॉलपेन दोऱ्याने दाराच्या कडीला बांधलेले होते आणि पासबुकात नोंद पाहिल्याशिवाय ते हातात घ्यायचे नाही, असा त्यांचा नियम होता. दोन ठिकाणी एकाच तारखेला चार-चार पट्ट्या सलग रंगवलेल्या होत्या. मी विचारले तेव्हा म्हणाले, 'तो कापूस विकला त्या दिवशीचा रंग आहे, भाऊ.'

तुम्ही त्या दारासारखे ॲप करा, एवढेच मला सुचवायचे आहे. एकक लहान ठेवा, ते मुद्दलाचेच ठेवा आणि बँकेच्या खात्यात नोंद झाल्यावरच ते रंगू द्या. त्याच्याच शेजारी दुसरा आकडा दाखवता आला तर फार चांगले होईल, तो म्हणजे वाचलेल्या हप्त्यांचा. वरच्याच उदाहरणात दरमहा ५०० रुपये जादा भरले, तर कर्ज सुमारे १६ महिने आधी फिटते आणि अंदाजे ३६,००० रुपये व्याज वाचते. पहिल्या वर्षाच्या शेवटी एकरकमी १०,००० रुपये भरले, तर शेवटचे साडेचार हप्ते कमी होतात, म्हणजे दहा हजारांच्या बदल्यात सुमारे चोवीस हजार भरायचे वाचतात. तेच दहा हजार शेवटचे एक वर्ष उरले असताना भरले, तर फायदा हजार रुपयांच्या आसपासच राहतो. दिवाळीचा बोनस हाती आल्यावर मुलाने मोबाइल बदलायचा की जुलैत संपणारे कर्ज फेब्रुवारीत संपवायचे, हे ठरवताना हा आकडा त्याच्या डोळ्यांसमोर असला पाहिजे. कोणत्याही सुवर्णपदकात ही ताकद नाही.

पैशाच्या वाटेबद्दलही लिहिणे भाग आहे. खरेदीतील सुटे पैसे बाजूला काढून ॲपच्या पाकिटात साठवण्याची कल्पना आकर्षक दिसते, परंतु पाकिटात पडून राहिलेल्या पैशाने व्याज थांबत नाही. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक नियमांचा रोखही हाच आहे, की परतफेडीचा पैसा मध्यस्थाच्या खात्यातून न फिरता थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात जावा. तुमच्या ॲपनेही तेच तत्त्व पाळावे. शिवाय जादा भरलेली रक्कम बँकेने पुढच्या हप्त्यापोटी नुसती जमा धरू नये, यासाठी 'ही रक्कम मुद्दलात वळती करून मुदत कमी करावी' असा लेखी अर्ज शाखेत द्यावा लागतो. हा अर्ज तयार करून देणारे एक बटण तुमच्या ॲपमध्ये असेल, तर तेच त्याचे सर्वांत मौल्यवान बटण ठरेल.

प्रश्न (रावेर तालुका) : मुलाच्या अभियांत्रिकीसाठी वर्षाला एक लाख याप्रमाणे चार लाखांचे कर्ज मंजूर झाले आहे. तो आता तिसऱ्या वर्षाला आहे. बँक सध्या काहीच मागत नाही. आमचे सगळे केळीवर असल्यामुळे पैसा येतो तो एकदम येतो, दरमहा येत नाही. मुलगा म्हणतो, नोकरी लागल्यावर ॲप घेऊ आणि हप्ते भरू. तोपर्यंत आम्ही काही करावे का?

उत्तर : ताई, तुम्ही हे आत्ताच विचारले ते फार बरे केले. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरचे एक वर्ष बँक हप्ता मागत नाही, पण व्याजाचे चाक मात्र फिरतच असते. १० टक्के दर धरला, तर पहिल्या वर्षी १०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी २०,०००, तिसऱ्या वर्षी ३०,००० आणि पुढची दोन वर्षे ४०,००० रुपये असे सरळव्याज चढत जाते. मुलाला पहिला पगार मिळेपर्यंत चार लाखांचे पाच लाख चाळीस हजार झालेले असतात आणि पुढे त्या सगळ्या रकमेवर व्याज लागते. पुष्कळ घरांना ही गोष्ट पहिला हप्ता सुरू होताना कळते.

सर्वप्रथम शाखेत जाऊन एक गोष्ट विचारा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम व संस्था अटींत बसत असेल, तर या सवलतीच्या काळातले व्याज केंद्र सरकार भरते. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला वेळेत द्यावा लागतो. योजनेत तुम्ही बसत असाल, तर आत्ता व्याज भरण्याची गरज नाही. बसत नसाल, तर जमेल तेवढे व्याज आत्ताच भरावे. शिक्षणाच्या काळात नियमित व्याज भरणाऱ्यांना बऱ्याच बँका दरात एक टक्क्यापर्यंत सवलत देतात, तीही लेखी विचारून घ्या.

दरमहाचे बंधन तुमच्यासारख्या घराला सोसणारे नाही आणि बाजारातली बहुतेक ॲपे पगारदार माणूस डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असतात, ही त्यांची मोठी उणीव आहे. मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन हंगामांतल्या बागांची कटती, म्हणजे घडांची काढणी, वेगवेगळ्या वेळी येते, व्यापाऱ्याचे पैसेही तेव्हाच हातात पडतात, म्हणून तुमचा टप्पा महिन्याचा न ठेवता हंगामाचा ठेवा. मुलाला सांगा, की आजपासूनच एका वहीत किंवा मोबाइलमध्ये त्याने दर तिमाहीला चढलेले व्याज लिहायचे आणि कटतीचे पैसे आले की त्यातून किती खोडले गेले तेही लिहायचे. भरणारे हात आज तुमचे असले तरी मोजणारे डोळे त्याचे असावेत. नोकरी लागल्यावर हे कर्ज त्याला परके वाटणार नाही.

प्रश्न (शहादा) : मी महाविद्यालयात प्राध्यापक आहे. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांवर शैक्षणिक कर्ज आहे. कोणी किती टक्के कर्ज फेडले याची क्रमवारी लावून दर महिन्याला गटात जाहीर केली, तर चुरस निर्माण होईल असे वाटते. आपले मत काय?

उत्तर : कृपया असे करू नका. त्या क्रमवारीत वर दिसेल तो बहुधा ज्याच्या घरी दोन पगार आहेत तो आणि तळाशी दिसेल तो ज्याच्या वडिलांची जमीन कोरडवाहू आहे आणि ज्याला धाकट्या बहिणीची फीही भरायची आहे तो. कोणाच्या कष्टाची मोजदाद त्यातून होत नाही, फक्त घरची परिस्थिती चव्हाट्यावर येते. शिवाय कर्जाची माहिती ही खाजगी माहिती आहे.

चुरशीपेक्षा आपल्याकडची भिशी या कामाला जास्त जवळची आहे. भिशीत माणूस वेळेवर पैसे आणून देतो, कारण समोर बसलेल्या ओळखीच्या आठ-दहा जणांना त्याने शब्द दिलेला असतो. तसेच पाच-सहा जिवलग मित्रांनी आपखुशीने एकत्र यावे, रकमा कोणीही सांगू नयेत, महिन्याच्या दहा तारखेला प्रत्येकाने फक्त 'भरला' एवढे कळवावे, आणि ज्याच्याकडून निरोप आला नाही त्याला गटात न विचारता एकाने घरी फोन करावा. या फोनचा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न (अमळनेर) : सामान्यज्ञानाच्या प्रश्नांची उत्तरे देऊन शैक्षणिक कर्ज माफ करून घ्या, असा संदेश मुलाच्या मोबाइलवर आला. ४९९ रुपये प्रवेश शुल्क आहे. अमेरिकेत असे कार्यक्रम झाले आहेत असे त्यात म्हटले आहे. हे खरे आहे का?

उत्तर : अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी वाहिनीवर २०१८ साली अशी प्रश्नमंजुषा सुरू झाली होती आणि विजेत्याच्या शैक्षणिक कर्जासाठी पैसे दिले जात होते, एवढे खरे आहे. पण त्याचा तुमच्या मुलाला आलेल्या संदेशाशी काडीचाही संबंध नाही. भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आलेली आहे आणि तुमचे कर्ज माफ करण्याचा अधिकार तुमच्या बँकेखेरीज कोणत्याही खेळाला नाही. शुल्क भरू नका आणि दुव्यावर बोट ठेवू नका. पैसे गेलेच असतील, तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.

प्रश्न (धुळे, सध्या नाशिक) : मी परिचारिका आहे. एका ॲपवर माझी सलग १४ हप्त्यांची साखळी झाली होती. नंतर आईची शस्त्रक्रिया झाली आणि दोन हप्ते चुकले. ॲपने तुटलेल्या साखळीचे चित्र पाठवले, खाली 'तुम्ही मागे पडलात' असे लिहिले होते, आणि रोज तेच येऊ लागले. मी ॲप काढून टाकले. आता बँकेचा फोनही उचलवत नाही. पहिला चुकलेला हप्ता दोन महिन्यांपूर्वीचा आहे. मी काय करू?

उत्तर : आधी आईची प्रकृती कशी आहे? आजारपणात आईच्या उशाशी बसलेली मुलगी मागे पडलेली नसते. तुम्ही भरलेले १४ हप्ते बँकेच्या खात्यात जसेच्या तसे आहेत, त्यांनी उतरवलेले मुद्दल उतरलेलेच आहे आणि कोणत्याही ॲपला ते पुसता येत नाही. पुसली गेली ती फक्त एक संख्या, आणि तीही कोणाच्या तरी चुकीच्या रचनेमुळे. भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगोसारख्या ॲपमध्येसुद्धा एखादा दिवस हुकला तरी साखळी गोठवून ठेवण्याची सोय असते. मग ज्या घरांवर दुष्काळ, बाळंतपण, दवाखाना यांची वेळ येतेच येते, त्यांच्या कर्जाच्या ॲपमध्ये ती सोय नसावी, हे मला अक्षम्य वाटते. ग्राहकाला लाजवणे आणि सतत टोचत राहणे या दोन्ही गोष्टी केंद्र सरकारने २०२३ साली जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतील फसव्या रचनांच्या, म्हणजे ग्राहकाला भुलवणाऱ्या किंवा दबावात आणणाऱ्या युक्त्यांच्या, १३ प्रकारांत मोडतात. जळगावच्या अभियंत्यांनी हे पत्रही वाचावे अशी माझी विनंती आहे. चुकलेल्या हप्त्यानंतर पडद्यावर पहिले वाक्य 'काही अडचण आहे का?' असे यावे आणि त्याखाली शाखेचा क्रमांक असावा.

आता कामाचे. हप्ता थकून ९० दिवस उलटले, की बँकेला ते कर्ज अनुत्पादक (एनपीए), म्हणजे वसुली थांबलेले, ठरवावे लागते. त्याची नोंद तुमच्या पतअहवालात होते आणि वडील सहकर्जदार असतील तर त्यांच्याही. पुढे त्यांच्या पीककर्जाला अडचण येऊ शकते. तुमच्या हाती अजून सुमारे महिना आहे. दोन्ही हप्ते एकदम जमत नसतील, तरी जो आधी चुकला तो एक हप्ता या आठवड्यात भरा, म्हणजे दिवसांची मोजणी त्याच्या पुढच्या हप्त्यापासून धरली जाईल. विलंबाचा दंड किती लागला ते विचारा. १ एप्रिल २०२४ पासून बँकांना दंड वेगळा आकारावा लागतो, तो व्याजदरात मिसळता येत नाही आणि दंडावर व्याजही लावता येत नाही, हे लक्षात असू द्या.

बँकेचा फोन उचलवत नसेल तर फोनवर बोलूच नका, थेट शाखेत जा. रुग्णालयाचे बिल आणि शस्त्रक्रियेचा कागद सोबत न्या, अडचण एका पानावर लिहून व्यवस्थापकांना द्या आणि मुदत वाढवून हप्ता काही काळ कमी करता येईल का, असे त्यात स्पष्ट विचारा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शाखेचा शिक्का घ्यायला विसरू नका. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो आहे, म्हणून सांगतो: जो कर्जदार दोन हप्ते चुकल्यावर स्वतःहून समोर येऊन बसतो, त्याच्यासाठी काहीतरी मार्ग काढावा असेच आम्हाला वाटत असे. रात्रपाळी संपवून सकाळी परस्पर शाखेत गेलात तरी चालेल, तेव्हा गर्दी कमी असते.